गाडी ओरडते, पण पळत नाही!
(गटाच्या पिकअपचा क्लच आपणच कसा तपासायचा)



आपल्या काही गटांकडे आता स्वतःच्या मालगाड्या आहेत. कुणाकडे बोलेरो पिकअप, कुणाकडे छोटा हत्ती. काजू, कोकम, आंब्याच्या पेट्या, भाजी, सगळं त्यातूनच जातं. गाडीचं कर्ज गटाच्या नावावर, हप्ता गटाच्या खात्यातून, विमा आणि पासिंगची तारीख सचिव ताईंच्या वहीत. पण गाडी बिघडली की गॅरेजमध्ये बोलणी होतात ती ड्रायव्हरदादा आणि मिस्त्री यांच्यात. आपल्यापर्यंत येतं ते फक्त बिल. "क्लचचं काम निघालं," असं सांगितलं जातं, आपण मान हलवतो, ठराव लिहितो आणि पैसे काढतो.

मी काही मेकॅनिक नाही, समाजकार्य शिकलेली मुलगी आहे. पण गटांच्या गाड्यांच्या निमित्ताने गॅरेजच्या बाकावर बरंच बसणं झालं, आणि मिस्त्री लोकांना विचारून विचारून मी भंडावून सोडलं. त्यातून एक कळलं. क्लच गेलाय की नाही हे ओळखायला गाडी खोलावी लागत नाही. कान, नाक, एक हात आणि डिझेलची वही एवढं पुरतं. खोलायची वेळ त्यानंतर येते.

क्लच करतो तरी काय?

तुमच्यापैकी अनेकींनी पिठाची गिरणी चालवलीय. मोटर एका बाजूला, जातं दुसऱ्या बाजूला, मध्ये पट्टा. पट्टा ढिला झाला की काय होतं? रिकामी गिरणी छान फिरते. धान्य टाकलं की मोटर घूं घूं करते, पट्टा पुलीवर सरकतो, जातं मंदावतं आणि रबर जळल्याचा वास येतो. आपण लगेच म्हणतो, मोटर चांगली आहे, पट्टा सरकतोय. मोटर खोलायला कुणी बसत नाही.

गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये क्लच असतो, तो त्या पट्ट्याच्या जागी समजा. इंजिनाला एक जड लोखंडी चक्र बसवलेलं असतं, त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याच्यासमोर क्लच प्लेट. प्लेटच्या दोन्ही बाजूंना खरखरीत अस्तर रिव्हेटने ठोकलेलं असतं, साधारण ब्रेकच्या लायनरसारखं. आणि प्लेटच्या पाठीमागे प्रेशर प्लेट. तिच्यात जोरदार स्प्रिंग असते, ती क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते. दाब आणि खरखरीतपणा, या दोन गोष्टींवर सगळी गाडी ओढली जाते.

पायाने पेडल दाबलं की एक बेअरिंग पुढे सरकतं आणि स्प्रिंगचा दाब काढून घेतं. त्याला रिलीज बेअरिंग म्हणतात. प्लेट मोकळी होते, इंजिन वेगळं आणि गिअरबॉक्स वेगळा. गिअर बदलला, पाय उचलला, पुन्हा घट्ट. म्हणजे पाय पेडलवर नसतो तेव्हा क्लच पूर्ण पकडीत असतो. हे नीट लक्षात ठेवा, पुढे तेच कामाला येणार आहे.

अस्तर झिजलं, स्प्रिंग कमजोर झाली, प्लेटला ऑइल लागलं किंवा पेडलची सेटिंग बिघडली, की पकड सुटते. इंजिन फिरतं तेवढं चाकापर्यंत पोहोचत नाही. गॅरेजच्या भाषेत, क्लच स्लिप मारतोय.

पहिला प्रश्न: आवाज वाढतो का?

गाडी चढावर ओढत नाही, ही तक्रार आली की ड्रायव्हरला एकच गोष्ट विचारा. रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो का, की आवाजच वाढत नाही?

आवाज भरभर वाढतोय, ज्या गाडीत आरपीएमचा काटा आहे तो वर चढतोय, पण वेग तिथेच. म्हणजे इंजिन आपलं काम करतंय, मधली पकड सुटतेय. संशय क्लचवर घ्यायचा.

आवाजच वाढत नाही, गाडी गुदमरल्यासारखी करते, मागून काळा धूर येतो. मग क्लचला दोष देऊ नका. आधी एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बघायला सांगा. आपल्याकडची लाल माती आणि चिऱ्याच्या खाणींची धूळ एअर फिल्टर किती लवकर भरून टाकते, ते फिल्टर काढून उन्हात धरलात की दिसेल. पलीकडचा उजेडच येत नाही.

तिसरी शक्यता, ब्रेक चिकटलाय. गाडी थांबवल्यावर चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ तळवा न्या. हात लावू नका, भाजेल. एकच चाक जास्त तापलेलं जाणवलं तर त्याचा ब्रेक सुटत नाहीये. सपाट जागेवर न्यूट्रलमध्ये गाडी ढकलून बघितली तरी कळतं.

हा प्रश्न किती पैसे वाचवतो बघा. एका गटाची पिकअप आंब्याच्या दिवसांत करूळ घाट चढेना. पेट्या भरलेल्या, कोल्हापूरच्या बाजाराची वेळ ठरलेली. वाटेतल्या एका गॅरेजवाल्याने "इंजिन खोलावं लागेल" म्हणून सांगून टाकलं. गटाच्या अध्यक्ष काकी गाडीतच होत्या. त्या म्हणाल्या, "इंजिन कित्याक? गाडी नुसती बोंबलता, फुडे जाणा नाय." काकींनी क्लच हा शब्दही वापरला नव्हता, पण निदान त्यातच होतं. इंजिन कमजोर असतं तर ते बोंबललंच नसतं. दुसऱ्या मिस्त्रीने पेडल हाताने दाबून बघितलं. नवीन केबल टाकताना ती जास्त ताणली गेली होती. सेटिंग केली, गाडी चढली. इंजिनाच्या कामाचा खर्च क्लचच्या कित्येक पट असतो, आणि इथे तर क्लचही बदलावा लागला नाही.

नाक आणि वही

स्लिप होणारा क्लच तापतो आणि वास येतो. कागद आणि रबर एकत्र जळल्यासारखा, उग्र, घशात बसणारा. घाट चढल्यावर असा वास आला तर तो "घाटात येतोच" म्हणून सोडू नका. अर्थात ब्रेकही घाट उतरताना वास मारू शकतात. तेव्हा वास चढताना आला की उतरताना, एवढं विचारा.

वहीचं काम याहून मोठं आहे. क्लच एका दिवसात जात नाही, हळूहळू सरकायला लागतो आणि डिझेल खायला लागतो, कारण इंजिन जास्त फिरतं आणि गाडी कमी चालते. हे ड्रायव्हरला जाणवायच्या आधी वहीला जाणवतं. पण त्यासाठी वहीत नुसते डिझेलचे रुपये लिहून चालत नाही. टाकी फुल करताना लिटर आणि मीटरचं रीडिंग लिहायचं, पुढच्या वेळी पुन्हा फुल करायची, आणि मधल्या किलोमीटरला लिटरने भागायचं. पंचसूत्रीतला हिशेब आपण बचतीचा ठेवतो, तसा एका रेघेचा हा हिशेब. रस्ता तोच, माल साधारण तेवढाच आणि ॲव्हरेज दोन-तीन वेळा सलग खाली आलं, तर गाडी दाखवायची. कारण डिझेलची चोरी असेल, फिल्टर असेल, टायरमधली हवा असेल किंवा क्लच असेल. ड्रायव्हरवर लगेच आळ घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. एका गावात यावरून गटात आणि ड्रायव्हरच्या घरात चांगलंच वाजलं होतं.

हाताने पेडल दाबून बघा

गाडी बंद, हँडब्रेक ओढलेला. खाली वाकून क्लचचं पेडल हाताने दाबा, पायाने नको, पायाला एवढं बारीक कळत नाही. आधी थोडं अंतर पेडल सैल जातं आणि मग एकदम जड लागतं. त्या सैल अंतराला फ्री प्ले म्हणतात. केबलच्या गाडीत तो साधारण बोटाच्या जाडीइतका असतो. नेमका आकडा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात असतो. ते पुस्तक आरसीसोबत कपाटात बंद करून ठेवू नका, गाडीत ठेवा.

सैल अंतर अजिबात नसेल, पहिल्यापासून पेडल जड असेल, तर रिलीज बेअरिंग कायम दाबलेलं राहतं. म्हणजे कुणीतरी चोवीस तास पेडलवर पाय ठेवून बसल्यासारखं. क्लच पूर्ण पकडत नाही आणि स्लिप होतो. प्लेट झिजत जाते तसं हे अंतर कमी होतं, म्हणून केबलच्या गाडीत अधूनमधून सेटिंग करावीच लागते. ते थोड्या वेळाचं काम आहे. सेटिंग करूनही स्लिप राहिली तर मग प्लेटकडे वळायचं.

उलट अंतर फार जास्त असेल तर पेडल तळाला गेलं तरी क्लच पूर्ण सुटत नाही. मग गिअर टाकताना करकर आवाज येतो, रिव्हर्स तर लागतच नाही. बऱ्याचदा याला "गिअरबॉक्स गेला" म्हणतात. गिअरबॉक्स उतरवायच्या आधी पेडलची सेटिंग बघितली का, हे विचारायचा हक्क बिल भरणारीला आहे.

काही गाड्यांत केबलऐवजी ऑइलवर चालणारा क्लच असतो. त्याची छोटी डबी बॉनेटखाली असते, काही गाड्यांत ब्रेकची आणि त्याची एकच. तिच्यातलं ऑइल कमी होत असेल, पेडल मऊ लागत असेल किंवा खाली जाऊन तिथेच राहत असेल, तर कुठेतरी गळती आहे. पेडलच्या मागे बघा, आणि खाली गिअरबॉक्सजवळच्या छोट्या सिलिंडरपाशी ओल आहे का बघा. या डबीत डबीवर लिहिलेलंच ब्रेक ऑइल टाकायचं. इंजिन ऑइल टाकलं तर आतले रबरी सील फुगून खराब होतात आणि छोट्या कामाचं मोठं काम होतं.

उभ्या गाडीची परीक्षा

ही परीक्षा ड्रायव्हरने करायची, आपण बाजूला उभं राहून बघायचं. सपाट मोकळी जागा, पुढे-मागे कुणी नाही, मुलं तर नाहीच नाही. हँडब्रेक पूर्ण ओढायचा, चाकांना पुढून आणि मागून दगड लावायचे. इंजिन चालू करून क्लच दाबायचा, थेट तिसरा किंवा चौथा गिअर टाकायचा, थोडी रेस द्यायची आणि क्लच हळूहळू पूर्ण सोडायचा.

क्लच चांगला असेल तर इंजिन धापकन बंद पडेल. गाडी जागेवर, क्लच पूर्ण सोडलेला आणि इंजिन तरीही चालूच, असं झालं तर प्लेट आत नुसती घसरतेय. लगेच बंद करायला सांगा. ही परीक्षा एकदाच करायची. गंमत म्हणून चार वेळा केली तर उरलेली प्लेटही तिथेच जळेल.

थंड गाडीत क्लच थोडासा सरकत असेल तर इथे तो पास होऊ शकतो. मग भरलेली गाडी चढावर, वरच्या गिअरमध्ये, रेस वाढवून बघायची. थोड्या स्लिपचा पहिला पुरावा तिथेच मिळतो, कारण सगळ्यात जास्त ओढ तिथे लागते. गिरणीत धान्य टाकल्यावरच पट्टा सरकतो, तसंच.

आवाजाचंही थोडं सांगते. न्यूट्रलमध्ये उभी गाडी चालू ठेवून क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली आणि सोडल्यावर थांबली, तर बहुतेक रिलीज बेअरिंग. उलट, सोडलेला असताना घरघर आणि दाबल्यावर शांत, तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग.

प्लेट लवकर का जाते?

ही गोष्ट बैठकीत ड्रायव्हरला शेजारी बसवून वाचा, पण रागावून नको.

पेडलवर पाय विसावून गाडी चालवायची सवय फार जणांना असते. पायाचं नुसतं ओझंही पकड थोडी सैल करतं आणि बेअरिंग सतत घासत राहतं. दुसरी सवय घाटातली. पुढे ट्रक थांबला की गाडी हँडब्रेकवर धरण्याऐवजी हाफ क्लचवर धरून ठेवायची. दिसायला ऐटदार, पण त्या दोन मिनिटांत प्लेट जेवढी झिजते तेवढी सपाट रस्त्यावर कित्येक दिवसांत झिजत नाही. तिसरी, दुसऱ्या गिअरवर गाडी उचलायची.

चौथी सवय ड्रायव्हरची नाही, आपली आहे. "आणखी दहा पेट्या बसतील." आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं वजन दोन्ही लिहिलेलं असतं. दोन्हींमधला फरक म्हणजे माल आणि माणसं मिळून नेता येणारं वजन. त्यापेक्षा जास्त भरलं की प्रत्येक चढावर किंमत क्लच मोजतो. पकडलं गेलं तर आपणही मोजतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनासाठी २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २ हजार रुपये आहेत. आणि मालावर बसून बाजाराला जाणाऱ्या ताईंनो, अपघात झाला तर मालगाडीच्या मागे बसलेल्या माणसाच्या विम्याचं काय होतं, ते एकदा विमा एजंटला विचाराच.

गॅरेजमध्ये

क्लच खोलायचाच ठरला तर गाडी उतरवायच्या आधी कोटेशन कागदावर घ्या. गिअरबॉक्स खाली काढायची मजुरी मोठी असते आणि ती दर वेळी तेवढीच लागते. म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलणं बहुतेक वेळा परवडतं. यात मिस्त्री आपल्याला फसवत नसतो. प्लेट एकटी बदलून सहा महिन्यांनी बेअरिंगसाठी पुन्हा तीच मजुरी भरणं जास्त महाग पडतं.

जुनी प्लेट हातात मागा. अस्तर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आलं असेल तर प्लेट खरंच संपली होती. रिव्हेट घासून फ्लायव्हीलवर गोल चरे पडलेत का ते बघा. पडले असतील तर लेथवर फेसिंग करावं लागतं, नाहीतर नवी प्लेटही नीट बसत नाही आणि गाडी उचलताना थरथरते. प्लेट ओली, तेलकट असेल तर मात्र थांबा. इंजिनाचं किंवा गिअरबॉक्सचं ऑइल सील गळतंय. सील न बदलता नवी प्लेट टाकली तर तीही तेल पिणार. "सील बदललं का?" हा प्रश्न तेव्हाच विचारायचा, गाडी पुन्हा चढवल्यावर नाही.

बिलावर प्रत्येक पार्टचं नाव आणि मजुरी वेगळी लिहून घ्या. बिल द्यायला नकार मिळाला किंवा न केलेल्या कामाचे पैसे लावले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

गाडी चालवायला शिकणाऱ्या आपल्या काही मुली विचारतात, ऑटोमॅटिक गाडी घेतली तर क्लचची कटकट जाईल का? पेडल जातं, कटकट पूर्ण जात नाही. एएमटी प्रकारात आत हीच प्लेट असते, फक्त दाबायचं काम यंत्र करतं. दुसऱ्या प्रकारात क्लचच्या जागी तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. अमेरिकेतल्या मोठ्या डिझेल पिकअपमध्ये तोच जास्त दिसतो. त्यात इंजिन तेलाच्या जोरावर गिअरबॉक्सला फिरवतं आणि गाडीने वेग घेतला की आतला एक लॉक दोघांना थेट जोडतो. तो लॉक सरकायला लागला की लक्षण ओळखीचंच: वेग तोच, काटा वर-खाली, तेल तापतं, डिझेल जास्त. त्याचं काम मात्र गावच्या गॅरेजमध्ये होत नाही.

आणि घाटातच क्लच सरकायला लागला तर? रेस वाढवत राहू नका. बाजूला सुरक्षित जागा बघून थांबा, हँडब्रेक लावा, उताराच्या बाजूने चाकाला दगड लावा आणि अर्धा तास तरी गाडी थंड होऊ द्या. थंड झाल्यावर पकड थोडी परत येते, पण ती तात्पुरती असते. निम्मा माल दुसऱ्या गाडीत द्या आणि खालच्या गिअरमध्ये, कमी रेसवर, जवळच्या गॅरेजपर्यंत जा. परत घाट उतरायचा विचार करू नका. प्लेट फारच गेली असेल तर उतारावर इंजिनाचा रोधही मिळत नाही आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. माल एक दिवस उशिरा पोहोचेल, भाव थोडा कमी मिळेल. व्यापाऱ्याला फोन करून तसं सांगायचं.